ताम्हनातलं पाणी

वसुधा गेली आणि हेमचंद्र तुंगारे यांच्या घरात जिवंत अशा दोनच गोष्टी उरल्या. एक ते स्वतः आणि दुसरं कुंडीतलं लिंबाचं झाड. स्वतःच्या जगण्यामरण्याचं त्यांना फारसं काही पडलं नव्हतं, पण झाड मात्र जगायलाच हवं होतं.

झाड म्हणजे वसुधाचा हट्ट. एकाहत्तर साली नाशिकहून, माहेराहून येताना तिने कागदी लिंबाच्या चार बिया हळदीकुंकवाच्या पुडीत दडवून आणल्या. मिनेसोटात लिंबू? जिथे पाच महिने अंगणातला बर्फ हलत नाही तिथे? हेमचंद्रांनी यथेच्छ टिंगल केली. पण ती ऐकते कुठली! एक बी रुजली आणि बघता बघता छातीइतकं झाड झालं. उन्हाळाभर ते घरामागच्या लाकडी डेकवर असायचं आणि सप्टेंबर सरत आला की स्वयंपाकघरात, पूर्वेच्या खिडकीत. फळ काही कधी धरलं नाही. ती एखादं पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरायची आणि हे गृहस्थ पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचे. पंधरा वर्षं नुसतं "हं".

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात तिला हार्ट अटॅक आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा विक्रम कॅलिफोर्नियाहून आला, दहा दिवस राहिला, फ्रिज गच्च भरून परत गेला. मग ईडन प्रेरीतलं ते चार बेडरूमचं घर हेमचंद्रांच्या अंगावर यायला लागलं. काहीतरी आवरावं म्हणून त्यांनी गराज आवरलं, लाँड्रीची खोली आवरली, फाटकंतुटकं फेकून दिलं.

एका सकाळी खिडकीतल्या झाडाकडे बघताना त्यांना आठवलं, वसुधा रोज अंघोळ करून तांब्याभर पाणी घेऊन त्या खिडकीशी उभी राहायची. त्यांच्याकडे पाठ, समोर झाड. झालं, त्यांनी ठरवलं की हे आता आपण करायचं. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या हाताने प्यायचं पाणी घेतलं नव्हतं, तो रोज अंघोळ करून तांब्या भरायला लागला. एक दिवस चुकवला नाही. पाणी घालता घालता ते झाडाला काल विक्रमचा फोन आला की नाही ते सांगायचे. तेवढी पाच मिनिटं कुणाकडे तरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

डिसेंबरात पानं पिवळी पडली. हीटरच्या कोरड्या हवेने तहान लागत असेल बिचाऱ्याला, असा त्यांनी इंजिनिअरी तर्क केला आणि दोन तांबे घालायला सुरुवात केली. पानं गळायला लागली. ती कचऱ्यात टाकवेनात, म्हणून ते वसुधाच्या पोह्यांच्या डब्यात साठवून ठेवू लागले. फोनवर विक्रमला सांगितलं तर तो म्हणाला, "डॅड, जस्ट थ्रो इट आउट. आय विल गेट यू अ न्यू वन." त्यानंतर हेमचंद्रांनी आठवडाभर त्याचा फोन उचलला नाही.

संक्रांतीला वीणा आली. वीणा म्हणजे वसुधाची जिवाभावाची मैत्रीण. घसरड्या रस्त्यावरून सेंट पॉलहून ड्राइव्ह करत तिळगूळ घेऊन आली होती. ती चहा टाकत होती आणि हेमचंद्रांनी तिच्यादेखत तांब्या भरून कुंडीत ओतला. तिने येऊन त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"भावोजी, रोज घालता?"

"वसुधा घालायची की रोज."

"झाडाला नाही हो," वीणा म्हणाली. "ती सूर्याला अर्घ्य द्यायची."

मग तिने सगळं सांगितलं. बाहेर उणे वीसमध्ये अर्घ्य देणार कुठे, म्हणून वसुधा खिडकीत ताम्हन ठेवायची आणि त्यात थोडंसं पाणी सोडायची. ते पाणी लाँड्रीत ठेवलेल्या दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये साठवायची. मातीत दोन पेरं बोट खुपसून बघायची आणि माती कोरडी लागली तरच त्यातलं पाणी झाडाला द्यायची. हिवाळ्यात दोन दोन आठवडे द्यायची नाही. तो कॅन कुठे आहे, असं वीणाने विचारलं. कॅन हेमचंद्रांनी नोव्हेंबरातच स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता.

पंधरा वर्षं बायको पाठमोरी दिसत राहिली आणि उठून चार पावलं जाऊन ती काय करते आहे ते बघावंसं त्यांना वाटलं नाही. आणि ती गेल्यावर सगळी माया एकदम उतू जाऊन त्यांनी तिच्या झाडाला बुडवून मारायला घेतलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दोघांनी जमिनीवर पेपर पसरून कुंडी उलटी केली. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती. वीणाने सडकी मुळं कात्रीने कापली, नवी, जेमतेम ओलसर माती भरली आणि नखाने खोडाची साल खरवडून पाहिली. वर सगळं तपकिरी होतं. बुंध्याशी मात्र वीतभर हिरवं निघालं.

"जगेल?" हेमचंद्रांनी विचारलं.

"माहीत नाही. आता फक्त पाणी घालू नका."

काहीच न करणं त्यांना फार जड गेलं. सकाळी अंघोळ झाली की हात रिकामे. चौथ्या दिवशी राहवेना. देवाधर्मावर काडीचा विश्वास नसलेल्या त्या माणसाने खिडकीत ताम्हन ठेवलं, तांब्या भरला आणि वसुधा उभी राहायची तिथे जाऊन सूर्याची वाट बघत उभा राहिला.

बाहेर अजून काळोख होता, आत दिवा होता. खिडकीच्या काचेत मागचं स्वयंपाकघर स्वच्छ दिसत होतं. टेबल, टेबलावरचा पेपर आणि त्यांची खुर्ची, अगदी समोरासमोर. म्हणजे वसुधा रोज इथे उभी राहून त्यांच्याकडे बघत असायची. पंधरा वर्षांत त्यांनी एकदा जरी पेपरातून मान वर केली असती, तरी काचेत नजरानजर झाली असती. आता खुर्ची रिकामी होती आणि बघायला ते इथे उभे होते. त्यांना रडू आवरेना.

सूर्य वर आला तशी काचेतली खुर्ची पुसट होत गेली. त्यांनी ताम्हनात पाणी सोडलं आणि ते दुधाच्या नव्या कॅनमध्ये ओतलं. मग मातीत दोन पेरं बोट खुपसलं. बोटाला गार ओल लागली.

"आज नाही गं," ते म्हणाले. "अजून ओलं आहे."

आणि पेपर न उघडता, खिडकीकडे तोंड करून, ते खुर्चीत बसून राहिले.