धवल्यातला बाजा

तळवलीच्या गोटीराम मास्तरांनी मुंबईच्या एका हॉटेलात अकरा वर्षं ट्रम्पेटवर जॅझ वाजवला. मग दारूबंदी आली. कोरडी माणसं नाचत नाहीत हे मॅनेजरच्या लक्षात आलं आणि मास्तर दोन सूट आणि एक ट्रम्पेट घेऊन गावी परतले. खाडीकाठी सुटांचा उपयोग नव्हता. ट्रम्पेटचा निघाला. मिठागरावरचे सहा गडी शिकवून त्यांनी लग्नाचा बँड उभा केला.

गड्यांचा दम दांडगा होता. अडचण एवढीच, की मास्तर एक गाणं दोनदा सारखं वाजवत नसत.

"मास्तर, काल येगला वाजवलाव," क्लॅरिनेटवाला शिवा म्हणाला.

"काल काल होता."

"पन गाना त तोच हाय ना?"

"घर तेच असतं, शिवा. म्हणून रोज त्याच वाटेनं जातोस काय?"

"हो," शिवा म्हणाला. त्याच्या घराला वाट एकच होती.

मास्तरांना गाणी आठवत नाहीत, असं गावात पसरलं. एकसष्ट साली जासईच्या एका लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा सहाही जण ओसरीवर येऊन बसले. शिवाला पुढे केलं होतं.

"जासईला सरल वाजवा, मास्तर. नायतं आमी चाललो नावड्याच्या बँडमदी."

मास्तर कबूल झाले. सहा जण गेले की मागे फक्त दोन सूट उरत होते.

हळदीच्या दुपारी मास्तरांनी पट्टीनं आखल्यासारखं वाजवलं. चेहरा एरंडेल घेतल्याचा. गडी खूश.

मग धोंडूबाई धवलारीण पाटावर बसली. इकडे लग्न धवलारीणच गाऊन लावते. भटजी त्यावर शिक्का मारतात. तिचं लग्नाचं गाणं, धवला, चालू असताना बाजा मांडीवर ठेवायचा, हा नियम पोरासोरांनाही ठाऊक.

पण धोंडूबाई सत्तरीची, दमेकरी. दर ओळीनंतर श्वासाला थांबायची. हॉटेलात गायिका अशी थांबली की ती जागा ट्रम्पेटची. मास्तरांचा हात आपसूक खिशातल्या करवंटीकडे गेला. ती ट्रम्पेटच्या तोंडाशी धरली की सूर शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणल्यासारखा येई. तीन सूर निघून गेले, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण वाजवलं.

शिवानं डोळे मिटले.

"धवल्यान बाजा?" नवरीची आत्या यशोदाबाई उसळली. "कोनाला मस्ती आयली?"

धोंडूबाईनं हात वर केला. मास्तरांकडे नीट पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली. चाल मात्र वळवून, आणि शेवटी मास्तरांनाच त्यात गोवून:

"तलवलीचा बाजेवाला गो, करवंटीन बोलं..."

आणि थांबली. दम लागला होता त्याहून जरा जास्तच थांबली.

मास्तरांनी उत्तर दिलं. वेगळं. बायका खुदखुदल्या. धोंडूबाईनं त्यावर आणखी एक ओळ रचली. यशोदाबाई खाली बसली, आणि थोड्या वेळानं तिची मानही हलू लागली.

परतीच्या होडीत शिवा मास्तरांच्या शेजारी येऊन बसला.

"धोंडूबाय ती ओल दोनदा म्हनली," शिवा म्हणाला. "येगली येगली."

"हं."

"तिला याद नवती?"

"पन्नास वर्षं लग्नं लावतेय, शिवा."

शिवानं पाण्याकडे बघत विचार केला. नावड्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत शिवानं गाण्याच्या मध्यावर स्वतःचं एक वळण घातलं. अगदी वाईट होतं.

"पुन्हा घाल," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी शिवा नेहमीची वाट सोडून मिठागरातून घरी गेला. गुडघाभर चिखलात, पण पोचला.