वामुयूचं पूर्ण नाव

स्मारकाच्या शिळेवर तीस नावं कोरली होती. तीसच्या तीस बाप्यांची. मी दोनदा वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"गिचोही, वामुयू कुठंय यात?"

गिचोही म्हणजे आमच्या न्येरीतल्या जुन्या लढवय्यांचा अध्यक्ष. गोऱ्यांशी लढताना जंगलात होता, ते खरंय. आता सूट घालून खुर्च्या मांडून घेत होता. दुपारी मंत्री यायचे होते ना!

"हे बघ न्यागुथी, यादी बंदूक घेऊन लढलेल्यांची आहे. जेवण पोचवणं म्हणजे काही लढाई नव्हे."

जेवण म्हणे! "अरे मेल्या, त्या टोपलीत घेवड्याखाली तुमच्या गोळ्या असायच्या. ओझ्याचा पट्टा कपाळावर घेऊन आम्ही दोघी डोंगर चढायचो. ही बघ खाच, अजून आहे कपाळाला. वामुयूला शिपायांनी धरलं तेव्हा तू आठ पावलांवर झुडपात पालथा पडला होतास. रडत रडत तूच सांगितलंयस मला. 'कुणासाठी नेतेस?' म्हणत त्यांनी तिला मारून टाकलं. तिनं तोंड उघडलं असतं तर आज या खुर्च्या कुणी मांडल्या असत्या रे?"

माणसं बघायला लागली. गिचोही इकडंतिकडं बघत म्हणाला, "आवाज कमी कर. जा, गिथेरी झाली का ते बघ."

झालं! मागं बायका पहाटेपासून गिथेरीचा मका-घेवडा शिजवत होत्या. मी गेले आणि म्हटलं, "उचला गं सगळं." एकीनंही का म्हणून विचारलं नाही. हंडे कापडात बांधले, पाठीवर घेतले, पट्टे कपाळाला लावले आणि निघालो.

"अगं, पाहुणे उपाशी राहतील!" गिचोही मागून ओरडला.

"राहू देत. जेवण म्हणजे काही लढाई नव्हे."

फाटकापाशी तो धापा टाकत आडवा आला. शिळेपाशी बसलेल्या पाथरवटाला ओरडून म्हणाला, "लिही बाबा, लिही! वामुयू..." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "बापाचं नाव काय गं तिच्या?"

दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं होतं यानं. मला रडू फुटलं, रागानंच.

"न्दुंगू. वामुयू, न्दुंगूची लेक. आणि पाथरवट नाही, छिन्नी तू घे. तुझ्या हातानं तिचं नाव कोरून होईपर्यंत हंडे खाली उतरणार नाहीत."