गच्चीवरचं ऊन

वहिनींची नणंद गच्चीला स्वयंपाकाच्या ओट्यासारखं जपायची. रोज सकाळी दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी वाळत घालण्याआधी ती अख्खी गच्ची पुसून लख्ख करायची. चादरीचं टोक जमिनीला टेकून डाग पडला, तर दवाखाना ती चादर तोंडावर फेकल्यासारखी परत पाठवायचा. मग पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. तळमजल्यावर जिन्यामागच्या खोलीत या नणंद-भावजयींचा धुलाईचा धंदा होता. खोली अंधारी, मशीन म्हातारं आणि कुरकुरणारं. पण भाड्यात गच्चीचा वापर धरलेला होता. सगळा धंदा उभा होता तो तिथल्या उन्हावर.

त्या आठवड्यात गच्चीवर खडूचे चौकोन दिसायला लागले. पोरांनी ठिकरी आखली असेल, असं समजून नणंदेने पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन, पुन्हा फडकं.

"खेळू दे की पोरांना," वहिनी म्हणाल्या.

"खेळू देत, पण चादरी काढल्यावर!"

शेवटी एका सकाळी एक फिटर इमारतीच्या सेक्रेटरींना घेऊनच वर आला. बिचारा रडकुंडीला आला होता. "संध्याकाळी मापं आखतो, सकाळी गच्ची कोरी! भुताटकी आहे का इथे?"

भुताटकी फडकं घेऊन समोरच उभी होती.

"मुद्दाम पुसता?" सेक्रेटरी कडाडले. "सौर पॅनेलचं काम अडवता?"

"कसलं पॅनेल?" दोघी एकदमच म्हणाल्या.

सेक्रेटरींचा आवाज खाली आला. फ्लॅटमालकांच्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालली होती. तळमजल्यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण ज्यांचं ऊन जाणार त्यांनाच सांगायचं राहिलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वहिनींना राग आला तो त्याचाच.

"चांगल्यासाठीच आहे, वहिनी. धूर नाही, बिल निम्म्यावर."

"आमचंही?"

"तुम्ही भाडेकरू. वाटा मालकांना."

"आणि चादरी?"

"वाळवायचं मशीन घ्या की. झटपट काम!"

"त्याची वीज?"

"ती... तुमच्या मीटरवर."

वहिनींना आधी हसूच फुटलं. "म्हणजे आजवर उन्हात वाळायच्या त्या चादरी आता आम्ही वीज जाळून वाळवायच्या, आणि स्वच्छ कोण, तर तुम्ही!" मग हसू विरलं. गच्ची गेली तर धंदा गेला, हे सरळ दिसत होतं. पण सेक्रेटरींसमोर रडतील त्या वहिनी कसल्या!

फिटर मान खाजवत म्हणाला, "पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या छपरावर आणि अर्ध्या गच्चीत बसवता येतील. पॅनेल कमी मावतील, बचतही कमी होईल. मला कुणी विचारलंच नाही."

"मग आता विचारू," वहिनी म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी गच्चीवरच बैठक भरली. वहिनींनी मागणी मांडली: अर्धी गच्ची मोकळी ठेवा आणि वाचलेल्या विजेत तळमजल्यालाही वाटा द्या. कुणी म्हणालं, एका धंद्यासाठी सगळ्यांनी का सोसायचं? कुणी म्हणालं, ऊन काय आपण विकत घेतलंय? आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "वहिनींच्या बाजूने कोण? हात वर!"

हात हळूहळू वर गेले. अगदी निम्मे. एकही हात जास्त नव्हता.

तेव्हा वहिनींनी स्वतःचा हात वर केला. सोड्याने बोटं सुरकुतलेली, नखं पांढरी पडलेली.

"वहिनी, तुम्हाला मत नाही," कुणीतरी हळूच म्हणालं.

"माहीत आहे. मोजू नका. नुसता बघा."

सेक्रेटरींनी बोट नाचवत मोजायला सुरुवात केली. बोट वहिनींपाशी आलं, अडखळलं आणि पुढे गेलं. शेवटच्या हातापर्यंत जाऊन ते थांबले.

मग मागे वळून त्यांनी वहिनींकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाले, "आणि एक."