चार वाटांची फीत

मी कॅसेटवर चालणारा एक जुना रेकॉर्डर आहे, आणि बोलायला लागलोय ते अगदी अलीकडे. त्याआधी बत्तीस वर्षं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर लाकडी पेटी, अशा थाटात गप्प पडून होतो. ज्यांनी मला एवढं जपलं त्यांचे आभार मानायला हवेत, असं कुणीही म्हणेल. मी मानत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. साधा टेपरेकॉर्डर एका वेळी एकच गोष्ट ऐकून ठेवतो. माझं तसं नाही. कॅसेटच्या त्याच बारीक फितीवर माझ्यात चार वाटा शेजारीशेजारी धावतात. पहिलीवर गिटार वाजवा, टेप मागे घ्या, ती ऐकत दुसरीवर गा, मग तिसरीवर आणखी काही. एकटा माणूस घरात बसून चौघांचं काम करू शकतो. एवढ्यासाठीच मला बनवलं होतं.

इंडोनेशियातल्या मलांग शहरात एका हॉटेलात रोज संध्याकाळी गाणाऱ्या सुमित्रोंनी मला विकत घेतलं. घरातले सगळे त्यांना पाकदे म्हणतात, म्हणजे थोरले मामा. मीही तेच म्हणेन, पण त्यातला आदर जरा कमी धरा.

तेव्हा त्यांचे केस खांद्यापर्यंत होते आणि आवाज मऊ होता. मला टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आता स्वतःची कॅसेट काढायची." मला आनंद झाला. मग त्यांना वाटलं, माइक जरा बरा हवा. माइक आला. मग वाटलं, खोली घुमते. पडदे आले. मग गिटारच्या तारा बदलायच्या होत्या, मग हवा दमट होती, मग लग्न ठरलं. माझं लाल बटण त्यांनी रोज मऊ फडक्याने पुसलं. दाबलं एकदाही नाही. शेवटी मला गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि घरच्यांना सांगत राहिले, "यावर मी काय काय रेकॉर्ड केलं होतं. सगळ्या टेपा पुराच्या पाण्यात गेल्या." पूर आला होता हे खरं. टेपा नव्हत्या.

मला पिशवीतून बाहेर काढलं ते वेनिंगनं. ती त्यांच्या बहिणीची मुलगी, पंचवीस वर्षांची. योग्याकार्तात कॉलेज करून परत आलेली, सकाळी शाळेत शिकवणारी, बाकीचा वेळ गाणी लिहिणारी.

"पाकदे, ते मशीन द्या ना मला."

"ते खेळणं नाही, निंग."

"खेळणं असतं तर तुम्ही खेळला असतात."

पाकदे हसले, कारण भाचीच्या बोलण्यावर रागावणं त्यांना शोभलं नसतं. "तुम्हा पोरांकडे लॅपटॉप असतात. त्यावर काय पाहिजे ते होतं म्हणे."

"होतं. एक ओळ चाळीस वेळा बदलता येते. म्हणून मी बदलतच बसते. दोन वर्षांत एक गाणं पुरं झालं नाही."

चाळीस वेळा बदलण्याचा आजार पाकदेंना लॅपटॉपशिवायच झालेला होता. ते म्हणाले, "सुराबायाचा एक माणूस जुनी यंत्रं जमवतो. मी त्याला शब्द दिलाय. ईदच्या आदल्या दिवशी सकाळी तो येऊन घेऊन जाईल. तोवर वापर."

म्हणजे सात आठवडे. वेनिंगकडे आठ गाणी होती.

मला उघडलं तेव्हा माझ्या आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तिनं कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन दोन संध्याकाळ तो खरवडला, नवा पट्टा मागवून बसवला. खिडकीला गादी उभी टेकवली, दाराला दोन रजया लावल्या. तिची आई, जिला ती बु म्हणते, दारात येऊन म्हणाली, "अगं, तू झोपणार कशावर?"

"फरशीवर, बु. गार लागते, बरं वाटतं."

"आणि तो माझा बिस्किटांचा डबा?"

"त्यात बिस्किटं कुठे असतात? तांदळाच्या पापड्या असतात. त्या बरणीत ठेवल्यात. डब्याचा आवाज छान येतो."

मी हे सगळं ऐकत होतो आणि मला समजत होतं की आता आपलं आयुष्य सुरू होतंय.

वेनिंग कशी काम करते, ते सांगतो. माझ्या तीन वाटा भरल्या की त्या तिन्ही मिळून चौथीवर ओतायच्या असतात. तसं केलं की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या होतात. पण एकदा तीन वाटांवर नवं भरलं की ओतलेलं वेगळं करता येत नाही. गिटार जास्त झाली तर जास्तच राहते. पहिल्यांदा हे करायची वेळ आली तेव्हा ती बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मला वाटलं, झालं, हीसुद्धा मामाच्या वळणावर गेली. मग ती म्हणाली, "असू दे," आणि दाबलं. पुढे प्रत्येक गाण्याला तिनं एवढंच म्हटलं. असू दे. त्या दोन शब्दांसाठी मी बत्तीस वर्षं थांबलो होतो.

उपवासाचा महिना आला. रात्री गल्लीत मशिदीचे भोंगे चालू, म्हणून काम दिवसाच करायचं, म्हणजे पाण्याचा थेंब न घेता गायचं. ईदला चार दिवस राहिले तेव्हा आठही गाणी एका कॅसेटवर तयार होती. फक्त त्यांची शेवटची प्रत काढायची बाकी होती.

त्या आठवड्यात परीक्षांमुळे शाळा संध्याकाळपर्यंत होती. त्या दुपारी वेनिंग तिकडे असताना पाकदे आले. टेबलावरची कॅसेट त्यांनी खिशात टाकली आणि संध्याकाळी उपवास सोडायला आले तेव्हा परत आणून ठेवली. सगळे चटईवर बसले होते. नारळाच्या दुधातली केळी वाढून झाली होती.

"एक सांगू का, निंग? मनाला लावून घेऊ नकोस."

"लागण्यासारखं असेल तर जेवण झाल्यावर सांगा."

"तुझी टेप ऐकली मी. आवाज एवढा खाली का लावलास? आजारी म्हैस हंबरल्यासारखा येतोय. आणि किती संथ. एक कडवं संपेपर्यंत माझी गाडी बाजाराला वळसा घालून आली. दुसऱ्या बाजूला तर तू उलटंच काहीतरी गायलीयस. आजकालची फॅशन असेल, मला कळत नाही. मी या क्षेत्रात आयुष्य काढलं म्हणून बोलतो. हे अजून वर्षभर पक्कं व्हायला हवं."

वेनिंगचा चमचा वाटीतच थांबला. "कशावर ऐकलीत?"

"गाडीतल्या टेपवर. मध्येच जरा अडकली होती. मी पेन घालून सरळ केली."

इथं मला थोडं बोलायला हवं. माझी फीत दुप्पट वेगानं धावते आणि माझ्या चारही वाटा एकाच दिशेला जातात. साध्या टेपवर ती कॅसेट लावली की गाणं निम्म्या वेगानं रेंगाळतं, आणि पालटून दुसरी बाजू लावली की उरलेल्या वाटा शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतात. माझ्यासारख्या यंत्रावर ज्यानं चार दिवस काम केलंय, त्याला हे ठाऊक असतंच. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक जण ही चूक करतो आणि स्वतःला हसतो. वेनिंगही हसली होती.

आता ती हसत नव्हती. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "पाकदे, तुमच्या टेपा पुरात जायच्या आधी त्यातली एखादी कधी गाडीत लावली नव्हतीत?"

पाकदे वाटीतल्या केळ्याचे तुकडे मोजल्यासारखे बघत राहिले.

"भात वाढू का, दादा?" आईनं विचारलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कुणालाच कळलं नाही. न जेवताच उठून गेले.

रात्री वेनिंगनं कॅसेट माझ्यात घातली. सात गाणी ठीक होती. चौथं गाणं, घर सोडून जाताना दार उघडं ठेवणाऱ्या मुलीचं, ते मधोमध चुरगळलं होतं. तिचा आवाज तिथं येऊन बुडत होता. सगळ्यांत चांगलं तेच होतं. मी खूप कसून वाचायचा प्रयत्न केला, पण फितीला घडी पडली की माझ्या हातात काही राहत नाही.

शाळेला सुट्टी लागायला दोन दिवस होते. म्हणजे मला न्यायला माणूस येण्याआधी फक्त एक मोकळी दुपार.

"पाकदेंकडे आठवडाभर मागून घे," आई म्हणाली. "आता ते नाही म्हणायचे नाहीत."

"नको, बु. मागितलं की ते विचार करतील. त्यांनी विचार केला की वर्ष जातं."

त्या दुपारी एक वाजता ती नवी कॅसेट घालून बसली. गिटार. मग दुसरी गिटार, खालच्या सुरात. मग बिस्किटांच्या डब्यावर बोटांनी ठेका. तिन्ही वाटा चौथीवर ओतल्या. असू दे. आता राहिला गळा.

पहाटे चारनंतर तिनं पाणी प्यायलं नव्हतं. पहिल्यांदा गायली तेव्हा बाहेर कुणीतरी चपला आपटत गेलं. दुसऱ्यांदा वरचा सूर फाटला. तिनं कपाळ माझ्या झाकणावर टेकवलं, ते गरम होतं. आई रजईच्या फटीतून म्हणाली, "एक घोट पी. देव समजून घेईल."

"देव घेईल. उद्या मी घेणार नाही."

तिसऱ्यांदा ती गायली तेव्हा पाच वाजले होते. गळा कोरडा, आवाज जरा खरखरीत, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी खरा. चुरगळलेल्या फितीत जे बुडालं होतं त्याहून चांगलं काहीतरी माझ्या चुंबकावरून जात होतं. मी पट्ट्याला सांभाळत होतो, वेग इकडचा तिकडे होऊ देत नव्हतो. शेवटचं कडवं आलं आणि गल्लीत टिंग, टिंग, टिंग वाजलं.

रोकिमदादा. मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणारे. गाडी ढकलत येतात आणि चमच्यानं वाडग्यावर वाजवतात, मग बायका भांडी घेऊन बाहेर येतात. उपवासात ते सूर्यास्ताच्या आधी बरोबर याच वेळी येतात. गादीतून तो आवाज स्वच्छ आत आला.

ती थांबेल असं मला वाटलं. तिनं डोळे मिटले, एक ठोका जाऊ दिला आणि पुढची ओळ वाडग्याच्या ठेक्यावर उचलली. दार उघडं ठेवणारी मुलगी चालत गल्लीच्या टोकाला गेली, आणि रोकिमदादांची गाडी तिच्याबरोबर गेली. मग उपवास सोडायचा मशिदीतला ढोल वाजायच्या आत वेनिंगनं टेप थांबवली.

रजई बाजूला झाली. पाकदे दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"वाडगा आलाय मध्ये," ते म्हणाले. "परत घे."

"नाही घेत."

"बिघडलं ना ते."

"रोकिमदादा रोज येतात, पाकदे. गाणं याच गल्लीतलं आहे. ते कुठे जातील?"

पाकदे फरशीवर बसले. उभ्या केलेल्या गादीकडे बघत म्हणाले, "मी ते लाल बटण कधी दाबलंच नाही."

"माहितीये."

"त्या दिवशी कळलं?"

"आधीच. स्वच्छ करताना. आतला एकही भाग झिजलेला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं होतं ते. तुम्ही सांगायचं." तिनं कॅसेट बाहेर काढली. "आणि तुम्ही म्हशीचं काढलं नसतं, तर मी विचारलंही नसतं."

ढोल वाजला. तिनं आधी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला, मग स्वतः प्यायली. पाकदेंनी खिशातून फोन काढला आणि सुराबायाच्या माणसाला सांगितलं की यंत्र विकायचं नाही. त्यानं कारण विचारलं असावं. ते म्हणाले, "चालू आहे अजून."

ईद होऊन तीन आठवडे झाले. वेनिंगच्या कॅसेटच्या चाळीस प्रती निघाल्या, वेष्टनावरची अक्षरं तिनं स्वतः काढली. एक रोकिमदादांना दिली. वाजवायला त्यांच्याकडे काही नाही. गाडीच्या काचेला टेकवून ठेवलीय आणि गिऱ्हाइकांना दाखवतात, "चौथ्या गाण्यात मी आहे."

माझी तिसऱ्या वाटेची कळ आता खरखरते. पट्टा गरम झाला की मी जरा दमतो. तरी मला दया नको. कपाटावर धूळ न बसलेली यंत्रं ज्यांच्या घरी आहेत त्यांना एवढंच सांगतो, आम्हाला पुसू नका, झिजवा.

पाकदे रोज दुपारी येतात. अडुसष्ट वर्षांचे आहेत, केस गेले, आवाजाचा मऊपणा थोडा शिल्लक आहे. गिटारच्या तारा जुळवतात. पुन्हा जुळवतात. आज माइकसमोर बसले, बोट लाल बटणावर आणलं, तेवढ्यात गल्लीत वाडगा वाजला आणि त्यांनी बोट उचललं.

"रोकिम जाऊ दे पुढे, मग घेऊ."

शेजारच्या खोलीतून वेनिंग म्हणाली, "त्यांनाही घ्या आत, पाकदे. आणि तारा पुरे झाल्या."

पाकदेंनी बोट परत बटणावर आणलं. टिंग, टिंग, टिंग. गाडी आमच्या दारासमोर होती.

"असू दे," ते पुटपुटले.

माझा लाल दिवा लागला.