बर्ट टूमीचं थांबणं
ह्यूगो फार्कश लेखक झाला तो घसा गेला म्हणून. त्याआधी चौदा वर्षं तो आणि बर्ट टूमी अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलच्या, म्हणजे फिरत्या करमणुकीच्या खेळांत, कसरतवाल्यांच्या नंतर आणि शिकवलेल्या कुत्र्यांच्या आधी, पंधरा मिनिटं लोकांना हसवत होते. 'टोपीचं दुकान' हा त्यांचा प्रवेश. ह्यूगो दुकानदार, बर्ट गिऱ्हाईक. दर आठवड्याला गाव बदले, प्रवेश तोच.

बर्टला पाठांतराचं वावडं होतं. स्क्रँटनला एकदा तो वाक्य साफ विसरला आणि हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. ह्यूगोनं कसंबसं विचारलं, "परत का आणलीत? बसत नाही?"

बर्टनं टोपीकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं, परत टोपीकडे. पाहतच राहिला. मग म्हणाला, "टोपी बसते हो. बायको बसू देत नाही."

लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. हशा ओसरेपर्यंत बर्ट टोपीकडे बघत पुन्हा थांबला. पुढे ते वाक्य आणि त्याच्या आधीचं-नंतरचं ते थांबणं, सगळं प्रवेशात कायम झालं.

बफेलोला ह्यूगोच्या घशात गाठी निघाल्या. डॉक्टरनं सहा महिने बोलायला बंदी केली. बर्ट दुसरा जोडीदार घेऊन फिरत राहिला. रिकामपणी ह्यूगोनं सगळा प्रवेश वहीत उतरवून काढला, मग नवे लिहिले, आणि लोक ते विकत घेऊ लागले. आवाज परत आला, पण ह्यूगो परत गेला नाही. न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनी त्याला धरून ठेवलं होतं. "एवढा हंगाम जाऊ दे," असं तो बर्टला दोन वर्षं कळवत होता. तिसऱ्या वर्षी बर्टनं विचारणं सोडलं.

चित्रपट बोलायला लागले तेव्हा हॉलिवूडला बोलणं लिहिणारी माणसं हवी झाली. ह्यूगो तिकडे गेला. दोन चित्रपट लागोपाठ आपटले. तिसऱ्याच्या वेळी डोकं चालेना, तेव्हा त्यानं वही काढली आणि टोपीचं दुकान जसंच्या तसं पटकथेत घातलं. निर्माते हॅलोरनसाहेब खुश झाले. पटकथेवर नाव गेलं एकट्या फार्कशचं.

महिन्याभरात बर्ट दारात उभा. केस पांढरे, कोट मात्र कडक इस्त्रीचा.

"दुकान विकलंस म्हणे," तो म्हणाला.

"बस ना."

"बसतो. चौदा वर्षं गिऱ्हाईक मी झालो, पण टोपी घातलीस ती आत्ता."

ह्यूगो गोरामोरा झाला. "अरे, लिहिलं तर मीच होतं, बर्ट."

"उतरवलं होतंस." बर्ट तेवढंच म्हणाला. मग आवाज उतरवून, "मला भांडायचं नाही. माझ्या डेलाची तब्येत बरी नसते, गावोगाव फिरणं आता तिला झेपत नाही. गिऱ्हाइकाचं काम मला दे."

ह्यूगोनं शब्द टाकला आणि काम मिळालं.

चित्रीकरणाला ह्यूगो कॅमेऱ्यामागे उभा होता. आवाज मुद्रित होत असल्यानं कुणी खोकायचंसुद्धा नव्हतं. बर्ट आला, टोपी फिरवली, पाहिलं आणि थांबला. समोर वीस माणसं तोंड मिटून उभी. त्याची नजर हसू शोधत होती आणि ते कुठूनच येत नव्हतं. वाक्य आलं तेव्हा त्यातला जीव गेलेला होता.

"टूमीकाका, वाक्याच्या आधी-नंतर थांबू नका," दिग्दर्शक म्हणाला. पोरगा सत्तावीसचा, पण बोलणं अदबीचं. "पडद्यावर ते लांबतं."

"थांबल्याशिवाय ते विनोदी नाही, बाळा."

दिग्दर्शकानं ह्यूगोकडे पाहिलं. बर्टनंही पाहिलं. बर्टचं खरं आहे, एवढंच सांगायचं होतं. ह्यूगोच्या डोळ्यांपुढे ते दोन आपटलेले चित्रपट आले. "बघू या पटकन म्हणून," तो म्हणाला.

बर्टनं अकरा वेळा पटकन म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बदललं.

प्रदर्शनाआधी चित्रपट पॅसाडेनाला, रविवारी दुपारच्या खेळाला लोकांना दाखवला. नव्या नटानं वाक्य झटक्यात टाकलं. लोक असे हसले की पुढची चार वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. बाकीचा प्रवेश त्या गोंधळात वाहून गेला. हॅलोरनसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "तिथे जागा सोडायला हवी होती. तुझ्यासारख्या जुन्या माणसाला हे कळू नये?"

"कळत होतं," ह्यूगो म्हणाला. "ती जागा टूमीची. वाक्यही त्याचंच. सुरुवातीच्या पाटीवर त्याचं नाव घाला."

"आत्ता? पाट्या झाल्या. आणि हे आधी का नाही बोललास?"

ह्यूगो तसाच बर्टच्या बिऱ्हाडी गेला. घरमालकीण म्हणाली, टूमी नवराबायको गुरुवारीच गेले, ओहायोला, डेलाच्या बहिणीकडे.

ह्यूगोनं पत्रं पाठवली. उत्तर नाही. दोन वर्षांनी त्याचं नवं नाटक न्यूयॉर्कला लागायचं होतं. त्यानं जाहिरातीवर छापायला दिलं: लेखक, फार्कश आणि टूमी. जाहिरातीची कच्ची प्रत ओहायोला धाडली. आठवड्यात ती परत आली. टूमीच्या नावावर पेन्सिलीची रेघ होती आणि खाली बर्टच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं:

'या नाटकातलं एक अक्षर माझं नाही. जे माझं होतं त्यावर नाव हवं होतं. डेला बरी आहे. तू घशाला जप.'

ह्यूगोनं तो कागद मुद्रकाकडे दिला. नाटक एकट्या फार्कशच्या नावावर लागलं आणि बरं चाललं. पहिल्या प्रयोगाला तो शेवटच्या रांगेमागे उभा राहिला. लोक हसत होते, आणि प्रत्येक हशाला नट थांबत होते की नाही, एवढंच तो पाहत होता.