डब्यातले मारोतराव

मी डबा बोलून राहिलो. जेवणाचा नाही हो, केबलचा! तुम्ही ज्याला सेट-टॉप बॉक्स म्हणता, तोच. पण नागपुरातल्या हुडकेश्वरच्या या घरात मला त्या नावानं कोणी कधी हाक मारली नाही. "डबा अटकला", "डब्याले एक थापड मार", असंच आपलं चालायचं. बातम्या ऐकून ऐकून माझी भाषा जरा शुद्ध झाली आहे. मधूनच घरची बोली आली तर चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा थर्मोकोलमध्ये होतो. घरोघरी डबा सक्तीचा झाला तो काळ. आमच्या भागातला केबलवाला सुशील स्कूटरवर डबे लादून गल्लोगल्ली फिरत होता. या घरी दार उघडलं मारोतरावांनी. त्यांनी मला हातात घेतलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं, टीव्हीखाली बसवलं. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "हा गरम काहून होऊन राहिला गा, सुशील?"

"चालू आहे तवर गरमच राहीन, काका."

"मंग जिवंत आहे म्हण की!" मारोतराव हसले. माझ्याबद्दल इतकं चांगलं पुन्हा कोणी बोललं नाही.

मारोतराव कोष्टी. तरुणपण हातमागावर गेलं. मागाचा धंदा बसला तेव्हा कळमेश्वरच्या कारखान्यात लागले, आणि तिथून सुटल्यावर इथं हे घर बांधलं. माझ्या मागच्या वायरी गुंतल्या की चंदन, म्हणजे त्यांचा मुलगा, ओढाताण करायचा. मारोतराव मात्र सुताचा गुंता सोडवतात तसे बसून सोडवायचे. आणि मैनाबाई, त्यांची बायको, तिनं माझा भलताच उपयोग शोधून काढला. पावसाळ्यात माचिस सादळते, म्हणून ती माझ्या डोक्यावर आणून ठेवायची. मला आधी राग आला. सगळ्या जगाच्या बातम्या आणतो मी, आणि माझ्या डोक्यावर माचिस? पण सकाळी ती माचिस घ्यायला यायची तेव्हा तिचा हात क्षणभर माझ्यावर टेकायचा. मग राग गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. त्या भल्या मोठ्या पुतळ्यांच्या मागं लोक ओरडत जातात, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" गावातली रोगराई, कटकट, सगळं तिच्या गळ्यात घालायचं आणि मोकळं व्हायचं. या घरात तर त्या दिवशी मोडकं सामानही त्याच हाकेनं दाराबाहेर काढतात.

एका वर्षी मारोतराव इतवारीत जाऊन त्या मिरवणुकीत नाचले. दुपट्टा हवेत फिरवत, चष्मा सांभाळत. आणि सुशीलच्या लोकल चॅनलच्या कॅमेऱ्यानं नेमकं त्यांनाच पकडलं. संध्याकाळी ते दृश्य लागलं तर काय गोंधळ!

"पाह्य वं मैना, मी डब्यात जाऊन बसलो!"

"बसा तिथंच. घरात तेवढीच शांती!" मैनाबाई म्हणाली. पण तिनं भाकरी तव्यावर करपू दिली आणि शेवटपर्यंत पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मारोतराव गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि माणूस राहिला नाही. घर मुकं झालं. पोळा आला तेव्हा कोणाला काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्यांनी मिरवणुकीआधी जुनी दृश्यं दाखवली, आणि मारोतराव आले! दुपट्टा फिरवत, चष्मा सांभाळत. मैनाबाई उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. "आले वं माय," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दरवर्षी चॅनलवर ती दृश्यं लागायची, आणि तो दिवस तिचा. सकाळीच न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यासमोर बसायची. नात काजल चिडवायची, "आजी, आज आबा येणार वाटते!" आजी लाजायची. खरं सांगतो, लाजायची. आणि मी त्या दिवशी जीव मुठीत धरून चालायचो. वीज जाऊ नये, वायर सुटू नये, मी अटकू नये. आयुष्यभर मालिका दाखवल्या, पण काम केलं असं मला त्याच दिवशी वाटायचं.

मग चंदननं भिंतीएवढा नवा टीव्ही आणला. त्याला मी लागतच नाही. इंटरनेटची तार जोडायला कोण आलं? सुशील! केबल सुटत चालली म्हणून तोही आता याच धंद्यात. चंदननं त्याला हळूच विचारलं, "बाबांची ती मारबतची रेकॉर्डिंग भेटन का?"

सुशील भिंतीला छिद्र पाडत होता, तो थांबला. "चॅनल तर बंद झालं ना भाऊ. त्या मशिनीच खराब झाल्या. काहीच नाही राहिलं गा. मी पण शोधलं होतं."

चंदननं खाली पडलेला भिंतीचा चुरा झाडून घेतला. मैनाबाई तेव्हा अंगणात होती. तिला त्यानं काही सांगितलं नाही.

नव्या टीव्हीशी नुसतं बोलायचं असतं म्हणे. चंदननं रिमोट आईच्या हातात दिला. ती घसा साफ करून म्हणाली, "मले मारबत दाखव." टीव्हीनं मार्बल दाखवला. पांढरी फरशी, काळी फरशी, फरशीला पॉलिश! काजल पोट धरून हसली. मग आजी जरा दबक्या आवाजात म्हणाली, "मारोतराव दाखव ना बाप्पा." तर मारोतीची आरती सुरू झाली. बिचारीनं हात जोडले, रिमोट खाली ठेवला, आणि पुन्हा कधी उचलला नाही.

मी कोपऱ्यात गेलो. आधी रिमोटसाठी या घरात भांडणं व्हायची. आता भांडण नाही. काजल आत मोबाइल पाहते, चंदन बाहेर मोबाइल पाहतो, मोठा टीव्ही एकटाच चालतो. माझ्याशी तर कोणी बोलतच नव्हतं. फक्त मैनाबाई अजूनही सवयीनं माचिस माझ्यावर ठेवायची. पण प्लग काढलेला, मी थंड. माचिस सादळायची. ती काडी ओढायची, पेटायची नाही, आणि ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "तू बी थंडा झाला का गा?" काय सांगू? फार एकटं वाटायचं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंदननं मोडकं सामान पोत्यात भरलं. फुटका टब, तुटका खराटा, आणि मी. पोतं दाराशी आणून त्यानं आरोळी दिली, "ईडा पीडा..."

"थांब!" मैनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. "डबा काहून फेकून राहिला?"

"आई, बेकार झाला तो."

"बेकार? अरे, तुझे बाबा हायेत त्याच्यात! मारबतीसंग बापाले देऊन राहिला काय?"

चंदनचं तोंड उघडलं. आता हा सांगतो, असं मला वाटलं. पण त्यानं तोंड मिटलं, मला पोत्यातून काढलं, स्वतःच्या शर्टानं पुसलं. आत नेऊन माझा प्लग भिंतीत खोचला. केबलची तार कुठली असणार? नुसती वीज. माझा लाल दिवा लागला.

मैनाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हळूहळू गरम होत होतो. "हायेत," ती म्हणाली, आणि माचिस माझ्या डोक्यावर ठेवून समोर बसली. चंदन तोंड धुवायला म्हणून आत गेला.

तेव्हापासून माझा दिवा रोज लागतो. माचिस आता सादळत नाही. पण खरं तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्यात मारोतराव नाहीत. कधीच नव्हते. ते तारेतून यायचे आणि माझ्यातून निघून जायचे, मला कोणाला ठेवून घेता येत नाही. मी रिकामा आहे. म्हणून एकच विनंती. कधी हुडकेश्वरला या घरी आलात, तिनं हौसेनं मला दाखवलं, तर माझ्यावर हात ठेवा, गरम आहे म्हणा. आणि बाकीचं तिला सांगू नका.