बंद काचा

"म्हणजे केस उभीच राहणार नाही?" रसेमानं मला विचारलं. वकील समोरच बसला होता, पण इंग्रजीची पाळी आली की ती माझ्याच तोंडाकडे बघते.

कर्स्टन वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिसेस डेलिचना सांगा, जूनमध्ये आयोवा राज्यात कायदा झालाय. कोरोनाची लागण झाली म्हणून कंपनीवर दावा लावता येत नाही. मुद्दाम केलं असं सिद्ध झालं, तरच."

"पण हाझिम तर एप्रिलमध्ये गेला," मी म्हटलं.

"कायदा मागच्या तारखेपासून लागू केलाय. जानेवारीपासून."

मी बोस्नियनमध्ये सांगितलं. रसेमा हसली. "बघ झूमरा, मेलेल्यालाही मागे जाऊन गाठलं यांनी."

तिचा नवरा हाझिम. घरी कधी डुक्कर शिजलं नाही, पण मांसाच्या कारखान्यात वीस वर्षं डुकरांच्या मांड्यांतली हाडं काढली त्यानं. रांगेत खांद्याला खांदा लागायचा. त्या एप्रिलमध्ये माणसं रोज गळत होती, पण पट्टा थांबत नव्हता. मास्कचं विचारलं की फोरमन म्हणायचा, "येतायत, येतायत."

गावाला वाटायचं, बाई भरपाईच्या मागे लागली आहे. तसं नव्हतं. आम्ही तिघं माझ्या गाडीतून कामाला जायचो. हाझिम पुढे, रसेमा मागे. ती पॅकिंगला होती. आधी खोकला तिला झाला, नुसता खोकला. हाझिमनं काच खाली केली, तर ही मागून कडाडली, "वर कर आधी! मानेला वारं लागून आजारी पडशील." आम्ही बोस्नियातल्या लढाईतून जगून आलेली माणसं, पण वाऱ्याच्या झोताला जाम भितो. त्यानं मुकाट्यानं काच वर केली. पुढच्या आठवड्यात तो हॉस्पिटलात होता, आणि तिथूनच गेला.

"त्यांना विचार," रसेमा म्हणाली, "मला दमडी नको. पण त्याला हे दुखणं रांगेत लागलं की गाडीत, एवढं तरी कोर्ट सांगेल ना?"

मी विचारलं. वकील खाली बघत म्हणाला, "दावाच नाही, तर साक्षी कोण तपासणार?"

हे मला तिला सांगावं लागलं. त्या कायद्याचा मला फार राग आला, आणि तो काढायला समोर होता तो हा बिचारा भला माणूस.

परत येताना ती नेहमीसारखी मागेच बसली. पुढची जागा रिकामी. शेतं बर्फानं झाकली होती.

"रांगेतच लागलं गं त्याला," मी म्हटलं. "निम्मी रांग आजारी होती."

"तू कोर्ट आहेस का?"

थोड्या वेळानं मागची काच खाली गेल्याचा आवाज आला. गार वारं थेट माझ्या मानेवर आलं. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला, पण तो मी मागे घेतला आणि रुमाल मानेभोवती घट्ट ओढला.

घर येईपर्यंत काच खालीच होती.